दिवस आणि रात्र: बॉइन नदीकाठचे चार दिवस

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की जुनापाणी लागतं. तिथे माळावर तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत. लहानपणी वडील आम्हाला तिथे घेऊन जायचे. मोठमोठे काळे दगड गोल मांडलेले, मधे मुरूम आणि गवत. "हे कुणी मांडले?" असं मी विचारायचे आणि वडील म्हणायचे, "लोहयुगातल्या माणसांनी, आपल्या मेलेल्यांसाठी." आजूबाजूच्या वस्तीत मी पुष्कळदा विचारून पाहिलं, पण त्या दगडांची गोष्ट काही माझ्या हाती लागली नाही.

आयर्लंडमधल्या दगडांचं नेमकं उलटं आहे, हे वाचून माहीत होतं. दगड पाच हजार वर्षांचे, आणि तरी प्रत्येकाला धनी आहे, त्या धन्याला बायको-पोरं आहेत, भाऊबंदकी आहे. त्यामुळे डब्लिनला नोकरी करणारी भाची जेव्हा म्हणाली, "मावशी, दिवाळीला ये, मग पुढचे चार दिवस तू म्हणशील तिकडे जाऊ," तेव्हा मी एकच नाव घेतलं: न्यूग्रेंज, बॉइनकाठचं ते पाच हजार वर्षांचं थडगं.

(जाणाऱ्यांसाठी: आयर्लंड युरोपच्या सामायिक शेंगेन व्हिसात येत नाही आणि ब्रिटनचाही भाग नाही. आपल्याला आयर्लंडचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो. तो हातात पडायला वेळ लागतो, तेव्हा लवकर अर्ज करा.)

दिवस पहिला: स्लेन

डब्लिनपासून स्लेन तासाभराच्या अंतरावर आहे. गाव एका चौकाभोवती वसलेलं, आणि चौकाच्या चारही कोपऱ्यांवर एकसारखी एक अशी चार दगडी घरं. चार बहिणींचं एकमेकींशी पटत नव्हतं, म्हणून प्रत्येकीने समोरासमोर घर बांधलं आणि जन्मभर खिडकीतून दुसरीवर नजर ठेवली, असं गावात सांगतात. घरं अठराव्या शतकातली आहेत. म्हणजे इथे अडीचशे वर्षांच्या घरालाही गोष्ट चिकटल्याशिवाय राहत नाही, हे पहिल्याच चौकात कळलं.

आमचा मुक्काम गावाबाहेरच्या एका शेतघरात होता. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, उंच, हात कामाने राकट झालेले. मी चकली आणि बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केला तर त्यांनी लगेच टेबलावर बार्मब्रॅक आणून ठेवला. मनुका घातलेला, चहात भिजवल्यासारखा मऊ, किंचित गोड पाव. साउइनच्या सणाला तो करतात. साउइन म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री सुरू होणारा जुना आयरिश वर्षारंभ. जगभर जो हॅलोवीन म्हणून पोचला, त्याचं मूळ इथलं. पावात कागदात गुंडाळून एक अंगठी लपवलेली असते. ती ज्याच्या तुकड्यात येईल त्याचं वर्षभरात लग्न. आमच्या तिघींत ती मालकीणबाईंच्याच वाट्याला आली. त्यांनी ती पुसली आणि उठून कपाटावरच्या नवऱ्याच्या फोटोजवळ नेऊन ठेवली. मग पुन्हा येऊन चहा ओतला.

त्या रात्री शेगडीजवळ बसून त्यांनी त्यांच्या माहेरच्या शेताची हकीकत सांगितली. शेताच्या मधोमध एक राथ होता. राथ म्हणजे मातीच्या बांधाचं जुनं गोल कुंपण, आयर्लंडभर असे हजारो आहेत. शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर आल्यावर आपापले राथ सपाट केले. यांच्या वडिलांनी नाही केला. "ते कधी म्हणाले नाहीत की माझा विश्वास आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "नांगर वळवून न्यायचे, एवढंच."

विश्वास कशावर? तर 'शी' वर. हा एक शब्द समजला की इथली निम्मी लोककथा उलगडते. आयरिशमध्ये शी म्हणजे टेकाड, मातीचा उंचवटा. आणि शी म्हणजेच त्या टेकाडात राहणारी माणसं. बॅन्शी हा शब्द आपण ऐकलेला असतो, त्याचा अर्थ नुसता 'टेकाडातली बाई' असा आहे. ही माणसं म्हणजे मुळात तूअहा डे डानन, दानू देवीचं कूळ. आताच्या आयरिश लोकांचे पूर्वज समुद्रावरून आले, लढाई जिंकले आणि देशाची वाटणी झाली: जमिनीच्या वरचा भाग माणसांना, खालचा या कुळाला. तेव्हापासून देव टेकाडांत राहायला गेले. इंग्रजी गोष्टींतल्या पंखवाल्या चिमुकल्या पऱ्या इथे शोधू नयेत. हे लोक उंचेपुरे, देखणे आणि मानी असतात, आणि त्यांच्या घरावरून नांगर गेलेला त्यांना खपत नाही.

दिवस दुसरा: न्यूग्रेंज

सकाळी दाट धुकं. थेट न्यूग्रेंजच्या दारात गाडी नेता येत नाही. नदीच्या दक्षिण काठावर ब्रू ना बोन्याचं (या परिसराचं आयरिश नाव) अभ्यागत केंद्र आहे, तिथे तिकीट, तिथून पायी पूल ओलांडायचा आणि पलीकडे छोटी बस. पुलावर उभं राहिलं तर खाली बॉइन ऐकू येत होती, दिसत नव्हती.

बस वळण घेऊन वर चढली आणि धुक्यातून ते पांढरं काहीतरी पुढे आलं. पंच्याऐंशी मीटर व्यासाचं, तेरा मीटर उंचीचं टेकाड, माथ्यावर गवत, आणि दर्शनी बाजूला पांढऱ्याशुभ्र गारगोटीची भिंत. भिंतीबद्दल अभ्यासकांत वाद आहे. गारगोटी इथेच उत्खननात सापडली, ती विकलोच्या डोंगरातून आणलेली आहे, याबद्दल दुमत नाही. पण ती अशी उभी रचलेली होती की दारासमोर जमिनीवर पसरलेली, हे सांगणं अवघड. आज दिसते ती भिंत विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराची आहे. मला विचाराल तर पायथ्याचे ९७ शिलाखंड पाहावेत. ते जिथे पाच हजार दोनशे वर्षांपूर्वी ठेवले तिथेच आहेत. दारातल्या शिळेवर एकात एक गुंतलेली सर्पिलं कोरली आहेत, धातूचं एकही हत्यार हाती नसताना.

न्यूग्रेंज हे नाव साधं आहे. मध्ययुगात ही जमीन मेलिफाँटच्या सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती मठाकडे होती. 'नवी ग्रेंज' म्हणजे मठाचं नवं शेत. शेतकऱ्यांच्या लेखी हे एक झाडोरा वाढलेलं टेकाड होतं. १६९९ मध्ये जमीनमालकाची माणसं रस्त्यासाठी दगड काढायला लागली आणि त्यांना दार सापडलं. कथेतलं नाव त्याहून फार जुनं: ब्रू ना बोन्या, बॉइनवरचा वाडा.

आमची मार्गदर्शक पंचविशीतली, जवळच्याच गावची मुलगी. तिने आत नेण्याआधी सगळ्यांना पाठीवरच्या पिशव्या पोटाशी धरायला सांगितल्या. वाट एकोणीस मीटर लांब आहे. काही ठिकाणी अंग तिरकं करावं लागतं, काही ठिकाणी वाकावं लागतं. मग अचानक डोक्यावर सहा मीटर पोकळी. दगडावर दगड किंचित पुढे सरकवत नेऊन मिटवलेलं छत; चुना नाही, गारा नाही. बाहेर आयर्लंडचा पाऊस पाच हजार वर्षं पडतोय आणि आत थेंब आलेला नाही. गाभारा हाच शब्द मनात आला. तीन बाजूंना तीन कोनाडे, त्यात दगडी परडीसारखी उथळ पात्रं. जाळलेल्या माणसांची हाडं इथे ठेवत असत.

तिने दिवे मालवले. अंधार इतका की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळेना. मग वाटेच्या टोकाकडून, दाराच्या वरच्या एका खिडकीवजा फटीतून, एक पिवळी तिरीप जमिनीवरून सरकत आमच्या पायांपर्यंत आली. आमच्यासाठी तो विजेचा दिवा होता. २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, तो खरा सूर्य असतो. सकाळी नऊला दोन-चार मिनिटं कमी असताना किरण आत शिरतो आणि सतरा मिनिटं राहतो.

पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांनी इथे १९६२ पासून १९७५ पर्यंत उत्खनन केलं. आसपासचे लोक त्यांना सांगायचे की वर्षातून एकदा उगवता सूर्य आतल्या तिहेरी सर्पिलापर्यंत पोचतो. पाहिलेलं कुणीच नव्हतं. ओ'केलींना आधी वाटलं की लोक इंग्लंडच्या स्टोनहेंज या शिळावर्तुळाच्या, उन्हाळ्यातल्या सूर्योदयाच्या गोष्टीशी गल्लत करताहेत. पण दार आग्नेयेला आहे, म्हणजे उन्हाळ्यात नाही तरी हिवाळ्यात शक्य आहे, असा हिशेब करून ते १९६७ च्या २१ डिसेंबरला पहाटे एकटेच आत जाऊन थांबले, आणि सूर्य आला. ती फट शतकानुशतकं दगडमातीखाली बुजलेली होती. सूर्य आत येणं थांबलं होतं, त्याबद्दलचं बोलणं थांबलं नव्हतं. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला तो अजून आठवतो.

बाहेर येऊन गवतावर बसलो. धुकं विरळ होत होतं. मी भाचीला ब्रूची गोष्ट सांगितली.

वाड्याचा धनी एल्कमार, त्याची बायको बोअन. ती नदीच. देवांचा म्होरक्या डग्दा तिच्यावर भाळला. त्याने एल्कमारला निरोप देऊन दूर धाडलं आणि सूर्य थांबवून ठेवला. एल्कमारला वाटलं आपण एकच दिवस बाहेर होतो. प्रत्यक्षात नऊ महिने लोटले होते. बोअनला मुलगा झाला. एकाच दिवसात गर्भ राहून त्याच दिवशी जन्मला तो एंगस, तरुण देव, प्रेमिकांचा पाठीराखा. त्याला दुसरीकडे वाढवलं. मोठा झाल्यावर तो साउइनच्या दिवशी, जेव्हा कुणी हत्यार बाळगत नाही, तेव्हा शस्त्र घेऊन एल्कमारसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मला वाड्याचं राज्य 'दिवस आणि रात्र' दे. एल्कमारने दिलं. दुसऱ्या दिवशी तो परत मागायला आला. वाद डग्दाकडे गेला, आणि डग्दाने निवाडा दिला: तू दिवस आणि रात्र दिलीस. हे जगच दिवस आणि रात्रींनी सरतं. वाडा त्याचा.

दुसऱ्या एका जुन्या पाठात तर एंगस हीच युक्ती खुद्द बापावर वापरून त्याच्याकडून वाडा घेतो.

इंग्रजीत ही गोष्ट सांगताना अडखळायला होतं. 'एक' दिवस आणि 'एक' रात्र म्हटलं की डाव फसतो, न म्हटलं तर वाक्य बसत नाही. जुन्या आयरिशमध्ये तो 'एक' लावावा लागत नसे. मराठीतही लागत नाही. "दिवस आणि रात्र दे," इतकंच मी भाचीला म्हटलं आणि तिला लगेच कळलं. "अगं, हा तर वामन!" ती म्हणाली. तीन पावलं जमीन मागणारा बटू मलाही तेव्हाच आठवला होता. आणि नुकताच पाडवा झाला होता, बळीच्या नावाचा दिवस.

खगोलाचं मी काही शिकलेले नाही. पण सूर्य थांबतो ती गोष्ट नेमकी याच वाड्याची आहे, जिथे सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन दोन-चार दिवस थांबल्यासारखा वाटतो आणि मग मागे फिरतो. बांधणाऱ्यांची भाषा कुठली होती कुणाला ठाऊक नाही. गोष्ट लिहून काढणारे मध्ययुगातले ख्रिस्ती साधू होते. मधल्या चार हजार वर्षांत ती तोंडातोंडी आली, की या दगडांकडे पाहून कुणी नव्याने रचली, हे ठरवता येत नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी ती रचणाऱ्याने हा गाभारा समजून घेतला होता असं मला वाटतं.

बोअनची स्वतःची गोष्ट वेगळी आहे. नऊ हेझलच्या झाडांखाली ज्ञानाची विहीर होती, तिच्याजवळ जायला मोजक्यांनाच परवानगी. बोअन गेली आणि विहिरीला तिने उलटी प्रदक्षिणा घातली. पाणी खवळून उठलं, तीन लाटांनी तिचा डोळा, हात आणि मांडी नेली, ती समुद्राकडे धावली आणि तिच्यामागे धावलेलं पाणी म्हणजे ही नदी. आयरिश लोकांत उजवीकडून फिरणं शुभ आणि डावीकडून अशुभ, अगदी आपल्यासारखं. बोअन या नावातला 'बो' म्हणजे गाय, आपल्या 'गो'चा सख्खा भाऊ. दुसऱ्या शतकात ग्रीक भूगोलकार टॉलेमीने या नदीचं नाव 'बुविंडा' असं नोंदवलं आहे. मला आधी त्यात गोविंदच ऐकू आला. मागचा भाग मात्र 'पांढरी' या अर्थाचा आहे: पांढरी गाय.

संध्याकाळी मालकीणबाईंनी सांगितलेल्या एका शेताकडे गेलो. पाण्याने भरलेल्या कुरणात पिवळ्या चोचीचे हूपर हंस उतरले होते. ते दरवर्षी आइसलँडहून हिवाळ्यासाठी इथे येतात. एंगसला स्वप्नात एक मुलगी दिसली, तो झुरून आजारी पडला, वर्षानुवर्षं शोध चालला. शेवटी साउइनच्या दिवशी एका सरोवरावर दीडशे हंसांत त्याने तिला ओळखलं आणि तोही हंस झाला. दोघं उडत ब्रूला आले आणि असं गायले की ऐकणारे तीन दिवस तीन रात्री झोपले. आम्ही पोचलो तो साउइन उलटून चारच दिवस झाले होते. गाडीची काच खाली करून आम्ही त्यांचा तो भोंग्यासारखा खोल आवाज अंधार पडेपर्यंत ऐकला. अंधार पाचलाच पडतो, हे लक्षात ठेवा.

(काही सूचना. न्यूग्रेंजच्या आत जायची तिकिटं फार लवकर संपतात, ऑनलाइन आधीच काढा. आत फोटो काढता येत नाहीत. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी मार्गदर्शकाला आधी सांगून रांगेत शेवटी राहावं, म्हणजे लगेच बाहेर पडता येतं. डिसेंबरच्या खऱ्या सूर्योदयासाठी दरवर्षी सोडत निघते; अर्ज हजारोंनी येतात आणि आत जेमतेम मूठभर माणसं मावतात. केंद्रातलं बटाटा आणि लीकचं सूप, सोबत सोडा घातलेला तपकिरी पाव आणि लोणी: शाकाहारी माणसाचं दुपारचं पोट भरतं.)

दिवस तिसरा: डाउथ आणि तारा

न्यूग्रेंजइतकंच मोठं, तितकंच जुनं डाउथ अगदी जवळ आहे. तिथे बस नाही, रांग नाही. रस्त्याकडेला फाटक, आत ओलं गवत आणि एक ओबडधोबड टेकाड, माथ्यावर मोठा खड्डा. १८४७ मध्ये उत्खनन करणाऱ्यांनी तो पाडून ठेवला. आमच्याशिवाय तिथे फक्त मेंढ्या होत्या.

डाउथ म्हणजे अंधार. ब्रेसल राजाच्या काळात गुरांवर रोग पडला, सगळ्या देशात एक बैल आणि सात गाई उरल्या. राजाने आयर्लंडच्या सगळ्या पुरुषांना आकाशाला टेकणारा बुरूज बांधायला लावलं. ते म्हणाले, आम्ही एकच दिवस राबू. तेव्हा राजाच्या बहिणीने मंत्राने सूर्य रोखून धरला. दिवस संपेचना. पण राजाने बहिणीशीच संग केला, मंत्र तुटला, अंधार पडला आणि माणसं काम टाकून निघून गेली. "या जागेचं नाव अंधारच राहील," ती म्हणाली.

आता याच्यापुढचं ऐका. २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी न्यूग्रेंजच्या गाभाऱ्यातल्या एका पुरुषाच्या हाडातला डीएनए तपासला. त्याचे आईवडील सख्खे भाऊबहीण, किंवा जन्मदाता आणि अपत्य इतके जवळचे होते. इजिप्तच्या फारोंप्रमाणे देवत्व मानलेल्या राजघराण्यांत अशी लग्नं होत असत, म्हणून तो तसाच कुणी असावा, असा त्यांचा कयास आहे. डाउथच्या कथेशी असलेलं साम्य संशोधकांनीही नोंदवलं. कथा कागदावर आली ती मध्ययुगात. मी त्या खड्ड्याच्या काठावर वाऱ्यात उभी राहून हा काळ मोजायचा प्रयत्न केला. आठवण इतकी टिकू शकते यावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही, आणि हा नुसता योगायोग आहे असंही मला म्हणवत नाही.

दुपारी तारा. पाऊस आडवा येत होता. ताराची टेकडी म्हणजे आयर्लंडच्या राजांची गादी, पण तिथे राजवाडा वगैरे शोधू नका. गवताचे बांध, खंदक, उंचवटे, आणि वरून मीथ परगण्याचा अथांग हिरवा विस्तार. एका उंचवट्यावर एकटा दगड उभा आहे, माझ्या खांद्याच्याही खालीच येणारा. हा लीया फॉल, नियतीचा दगड. तूअहा डे डानन चार वस्तू घेऊन आले: नुआदाची तलवार, लूचा भाला, डग्दाची कधीही रिकामी न होणारी कढई, आणि हा दगड. खरा राजा यावर पाऊल ठेवी तेव्हा दगड गर्जना करी, ती देशभर ऐकू जाई. कूहुलिन या वीराच्या पसंतीच्या माणसाखाली तो गप्प राहिला, म्हणून कूहुलिनने त्याच्यावर तलवार घातली. त्यानंतर तो फारसा बोलला नाही.

आजची जागाही त्याची मूळची नाही. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या बंडात इथे पडलेल्या लोकांची खूण म्हणून तो पुढे त्यांच्या थडग्यावर आणून रोवला. २०१२ मध्ये कुणीतरी त्याच्यावर हातोडा चालवला, २०१४ मध्ये रंग ओतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर काही ब्रिटिश मंडळी इथे बायबलमधली कराराची पेटी शोधायला खणत होती आणि त्यांनी एका बांधाची नासधूस केली. पूर्वी पावलाखाली गर्जणारा हा दगड एवढं सगळं होत असताना गप्प उभा राहिला. मी हातमोजा काढून त्याला हात लावला. गार आणि खरखरीत होता.

शेजारीच ओलिसांचं टेकाड आहे, न्यूग्रेंजच्याच काळातलं छोटं थडगं. याचं दार असं वळवलं आहे की साउइनच्या दिवसांत उगवता सूर्य आत येतो. त्या सकाळी सूर्यच नव्हता. गजांच्या फाटकातून बॅटरीचा झोत टाकला तर डाव्या हाताच्या शिळेवरची वर्तुळं स्वच्छ दिसली.

थोडं खाली हॉथॉर्नची दोन-तीन वाकडी, काटेरी झाडं आहेत, फांद्यांना फडकी, रिबिनी, एक लहान मुलाचा मोजा बांधलेला. नवस. एक मध्यमवयीन गृहस्थ एकटेच फांदीला काहीतरी बांधत होते. आम्ही मागे थांबलो. ते वळले, टोपीला हात लावला आणि म्हणाले, "बायकोसाठी. सोमवारी ऑपरेशन आहे." मी पर्समधून केसांची लाल फीत काढून दिली. ती त्यांनी त्यांच्या फडक्याशेजारीच बांधली.

परतताना भाचीला ग्रॉन्याची गोष्ट सांगितली, कारण ती याच टेकडीवर सुरू होते. म्हाताऱ्या सेनानी फिन मॅककूलशी लग्न ठरलेली ग्रॉन्या मेजवानीत सगळ्यांना गुंगीचं पेय पाजते आणि तरुण डिअरमुडला शपथेत बांधून त्याच्याबरोबर पळून जाते. फिन त्यांच्या मागावर. ती दोघं एका जागी दुसरी रात्र काढत नाहीत. आयर्लंडभर जे दगडी चौरंगासारखे डॉल्मेन दिसतात, त्यांना गावोगावी एकच नाव आहे: डिअरमुड आणि ग्रॉन्याचा बिछाना. आपल्याकडे डोंगरातलं कुठलंही लेणं एका रात्रीत पांडवांनी खोदलेलं असतं आणि कुठलंही कुंड सीतेची न्हाणी असतं, तसंच. पळणाऱ्या, वनवासी माणसांच्याच नावावर दगड का होतात? मला वाटतं, त्यांना घर नव्हतं आणि या दगडांना माणसं नव्हती.

शेवटी रानडुकराने डिअरमुडला फाडलं. फिनच्या ओंजळीतल्या पाण्याने तो वाचला असता, पण फिनने दोनदा पाणी बोटांतून गळू दिलं. डिअरमुडला वाढवणारा बाप म्हणजे आपला एंगस. तो त्याचा देह ब्रूला घेऊन आला. जिवंत करू शकत नाही, पण रोज माझ्याशी बोलेल एवढा प्राण मी त्याच्यात घालीन, असं म्हणाला. भाचीने वाटेत गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबवली.

दिवस चौथा: लॉक्रू

शेवटच्या दिवशी आभाळ उघडलं. लॉक्रूच्या टेकड्या मीथच्या पश्चिम टोकाला आहेत. आयरिश नाव श्लीव ना कॅली, म्हातारीचा डोंगर. ही म्हातारी म्हणजे कॅल्याख, हिवाळ्याची, खडकांची, सगळ्या देवांहून जुनी. एप्रनमध्ये दगड भरून ती एका टेकडीवरून दुसरीवर उड्या मारत निघाली, प्रत्येक टेकडीवर थोडे दगड सांडले, त्यांची थडगी झाली. सगळ्या टेकड्यांवर दगड सांडून झाले असते तर राज्य तिचं होतं. शेवटच्या उडीत पडली आणि मेली.

चढण अर्ध्या तासाची, पण उभी आणि निसरडी. घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. वरच्या सर्वांत मोठ्या दगडराशीला अभ्यासक नुसतं 'टी' म्हणतात. विषुवदिनांना, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, हिच्या आतल्या मागच्या शिळेवर उगवता सूर्य पडतो. आम्ही गेलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं. उत्तरेच्या बाजूला पायथ्याच्या रांगेतच म्हातारीची खुर्ची आहे: सुमारे दहा टनांचा एक शिलाखंड, मधे बसायला खळगा. बसून इच्छा मागायची. एक आजी नातवाला वर चढवत होत्या आणि त्याला बजावत होत्या, "मोठ्याने बोलायचं नाही. ती ऐकते."

मी बसले. खालच्या शिळांवर खळगे कोरलेले दिसत होते, वाटीएवढे, रांगेने. तसेच खळगे जुनापाणीच्या दगडांवर आहेत. रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ते पाहिले आणि त्याला युरोपातले असेच खळगे आठवले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. काळ वेगळा, माणसं वेगळी. तरी बोट त्या वाटीत फिरवताना मला वडिलांबरोबरची ती दुपार आठवली आणि रडू आलं.

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोककथा आयोगाने शाळांमधल्या मुलांना वह्या देऊन घरी पाठवलं: आजीआजोबांना विचारा, लिहून आणा. त्या लाखो पानांत अशा टेकड्यांच्या, विहिरींच्या, झाडांच्या गोष्टी मुलांच्या अक्षरात जपल्या गेल्या. आज त्या कुणालाही इंटरनेटवर वाचता येतात. खुर्चीवर बसून मी काय मागितलं ते सांगणार नाही, पण काटोल रस्त्यावरच्या शाळा माझ्या मनात होत्या.

दुपारी सामान घ्यायला परत स्लेनला आलो. मालकीणबाईंनी फराळाचा डबा धुऊन आत बार्मब्रॅक भरून ठेवला होता. मी त्यांना सांगितलं की आमच्यातही डबा रिकामा परत करत नाहीत. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या आईने बरोबर शिकवलंय," आणि जवळ घेतलं. निघताना त्यांनी भाचीला विमानतळाकडे जायचा आडरस्ता समजावून दिला, डाव्या हाताला तिसरं फाटक बघा म्हणाल्या.

भाचीने तिसऱ्या फाटकाशी गाडी थांबवली. आता ते शेत दुसऱ्या कुणाचं आहे. नुकतं नांगरलेलं होतं, काळंभोर. मधोमध गवताचं एक गोल बेट, त्यावर हॉथॉर्नची झाडं. दूरवरून येणारी प्रत्येक सरी त्याच्याजवळ येऊन वळली होती आणि पलीकडे जाऊन पुन्हा सरळ झाली होती.